पाटावरची रायफल

वॉल्टला मी शेवटचं पाहिलं ते आमच्या दारात, आमच्या खंडेनवमीच्या सकाळी. सिॲटलजवळच्या आमच्या बॉथेलमध्ये ऑक्टोबरात पडतो तसा भुरभुर पाऊस चालू होता आणि हा गडी डोक्यावर टोपी नाही, छत्री नाही, लोकरी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली वडिलांची रायफल हातात घेऊन उभा. दाराशी बूट काढले, आत आला, रायफल उघडून ती रिकामी असल्याचं मला दाखवलं, कारण तसं दाखवल्याशिवाय मी तिला घरात घेत नाही, आणि नेहमीच्या जागी, पाटावर, श्रीकांतची स्लाइडरूल आणि माझी कात्री यांच्या शेजारी ती आडवी ठेवली. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्यानं श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून संपवली, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला. सोमवारी मी कामावरून परत येते तर त्यांच्या घरासमोर ॲम्ब्युलन्स… दिवा बंद करून उभी. दिवा बंद म्हणजे घाई संपली, एवढं इतकी वर्षं हॉस्पिटलात काढल्यावर कळतं. हार्ट अटॅक. खुर्चीत बसून बूट घालता घालता गेला. आमच्याकडेच यायला निघाला असेल, असं श्रीकांत म्हणतो. मला तसं म्हणवत नाही.

त्याला आता महिना होत आला. रायफल अजून पाटावरच आहे.

वॉल्ट आमचा शेजारी, दोन घरं पलीकडचा, आणि बरीच वर्षं आमच्या भागाचा आमदार. इथल्या राज्य विधिमंडळाच्या सभासदाला आपल्याकडे आमदारच म्हणतील. विचारांनी पक्का जुन्या वळणाचा. कर कमी करा, सरकार लहान ठेवा आणि माझ्या बंदुकीला हात लावू नका, एवढ्यावर तो पुन्हा पुन्हा निवडून यायचा. इथे बंदूक बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्यावर किती बंधनं असावीत यावरून घराघरांत भांडणं होतात. बंदुकांची नोंदणी करा म्हणून ठराव आला, वॉल्ट नाही. परवाना कडक करा, वॉल्ट नाही. गावाला स्वतःचे नियम करू द्या, त्यालाही नाही. तो गेल्यावर इथल्या पेपरात चार ओळींची बातमी आली. तिच्यात त्याच्या या सगळ्या 'नाही'ची दखल होती आणि शेवटी एक वाक्य: एका महत्त्वाच्या मतदानात मात्र त्यांनी आपल्याच लोकांची साथ सोडली. बस, माणूस संपला त्या वाक्यावर. ते वाचून माझं डोकं सणकलं. म्हणून हा लेख.

आमची मैत्री भांडणातून झाली. मी सिॲटलच्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत काम करते. शनिवारी रात्री कोणीतरी कोणाला गोळी घातली की रविवारी सकाळी आमचा फ्रीज रिकामा. तसल्या एका ड्यूटीवरून मी घरी येत होते आणि वॉल्ट कुंपणापाशी गवत कापत होता. मी गाडीतून उतरले ती थेट त्याच्याकडेच गेले. म्हटलं, "तू तिकडे 'नाही'चं बटण दाबतोस आणि इकडे रक्ताच्या पिशव्या मी पाठवते." दुसरा असता तर हसून टाळलं असतं, राजकारणी माणूस तो. यानं मशीन बंद केलं आणि विचारलं, "किती वर्षांचा होता?" मी सांगितलं. त्यानं हातमोजे काढले. मग म्हणाला, "तू दिवसभर रक्त बघतेस म्हणून तुला प्रत्येक बंदुकीत रक्त दिसतं. माझ्या बापानं त्या रायफलीवर आम्हा भावंडांना हिवाळेच्या हिवाळे हरणाचं मांस खाऊ घातलंय. मला तिच्यात जेवण दिसतं."  पटलं मुळीच नाही, पण माणूस सरळ आहे हे कळलं. त्यानंतर वर्षानुवर्षं आम्ही त्याच कुंपणाशी भांडलो आणि एकदाही एकमेकांना पटवू शकलो नाही. माझी मुलगी मृणाल वैतागायची, "आई, वॉल्टकाका इज नॉट गोइंग टु चेंज. कॅन वी प्लीज ईट?"

रायफल आमच्या पाटावर आली ती श्रीकांतमुळे. श्रीकांत म्हणजे माझा नवरा, विमानांच्या कंपनीत इंजिनिअर, मूळचा नागपूरचा. तिथे त्यांच्याकडे खंडेनवमी जोरात असायची, म्हणून इथेही पाने, स्क्रूड्रायव्हर, आकडेमोडीची स्लाइडरूल, सगळं पाटावर मांडायचं आणि ड्राइव्हवेतल्या गाडीला हार घालायचा. तो हार पाहून वॉल्टनं विचारलं, गाडीचं लग्न आहे का? श्रीकांतनं समजावलं, ज्या हत्यारांवर आपलं पोट चालतं त्यांना वर्षातून एक दिवस सुट्टी द्यायची, हात जोडायचे. त्या दिवशी ती वापरायची नाहीत, दुसऱ्या दिवशी उचलायची. वॉल्ट घरी गेला आणि थोड्या वेळानं रायफल घेऊन हजर. मी श्रीकांतला आत बोलावलं आणि दात-ओठ खात म्हटलं, हे घरात चालणार नाही. तर तो म्हणतो, "अगं, मुळात ही शस्त्रांचीच पूजा. आपले पाने-बिने ही पुढची तडजोड. ओरिजिनल आयटम तर त्यानं आणलाय, यार."  गोळ्या घरी ठेवायच्या आणि रायफल रिकामी असल्याचं मला दाखवायचं, अशी अट घातली आणि हळदकुंकू वाहिलं… तेही नाक मुरडूनच.

पुढच्या वर्षीची गोष्ट सांगायची तर आधी ऑस्करआजोबांबद्दल सांगायला हवं. हे वॉल्टचे वडील. सगळा जन्म जंगलात लाकूडतोडीत गेलेला, हात असे की माझा तळवा त्यात हरवून जायचा. त्या उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं म्हणून गाडीचं लायसन्स काढून घेतलं. शिकार तर आधीच सुटली होती. वॉल्टनं त्यांना आपल्या घरी आणलं, खिडकीपाशी खुर्ची दिली. ते तिथे बसून राहायचे. आम्ही जाता-येता हात करायचो आणि ते डोकं हलवायचे, बस. बोलणं जवळपास संपलंच होतं. आपल्याकडे असतं तर कोणीतरी रोज जाऊन डोकावलं असतं, असं मी तेव्हा म्हणायचे. पण खरं सांगायचं तर आपल्याकडेही आता कोण डोकावतंय.

त्या वर्षी श्रीकांतनं तिथी काढताना घोळ घातला. आम्ही पंचांग भारतातून मागवायचो, ते मुंबईच्या वेळेचं. इथली वेळ काढायची तर तास वजा करायचे. विमानांचे पंख आखणाऱ्या आमच्या इंजिनिअरनं ते मिळवले. त्यामुळे शनिवारची खंडेनवमी आम्ही रविवारी सकाळी केली. वॉल्ट रायफल ठेवून पक्षाच्या कुठल्याशा मीटिंगला डोंगरापलीकडे गेला, उद्या येतो म्हणून. श्रीकांत मृणालला पोहायला घेऊन गेला. मी पुऱ्या लाटायला घेतल्या आणि फोन आला बेलव्ह्यूला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा, सुमनचा. "अगं, दसऱ्याला येताय ना आज?" मी म्हटलं, दसरा उद्या. तर ती अशी हसली, अशी हसली… "नवमी काल झाली, बाई. तुमची हत्यारं अजून झोपलीयेत का?" वर आणि नवऱ्याला पंचांग वाचायला शिकवायची ऑफर. मी फोन ठेवला तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. पूजा चुकली याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. सुमन हसली याचं वाटलं. मनात ठरवून टाकलं, झाली ती झाली, आता माझ्या घरातली पूजा उद्याच उठेल, ब्रह्मदेव आला तरी.

आणि दारावर थाप पडली. ऑस्करआजोबा. ते दोन घरं चालत एकटे आले होते. अंगात शिकारीचा जाड कोट होता, मोसम सुरू व्हायला अजून अवकाश होता तरी. ते आत आले नाहीत. म्हणाले, "माझी रायफल इथे आहे. मला द्या."

रायफल खरोखर त्यांचीच. पंचांगाप्रमाणे पूजा संपलेली, द्यायला काहीच हरकत नव्हती. पण मी सुमनवर चिडलेली होते. मी म्हटलं, "आज नाही मिळणार. आज ती उचलायची नसते. उद्या या."

"कोणी ठरवलं?"

"आमच्यात असंच असतं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या घरात माझं चालतं, हे बहुतेक तोंडावर स्पष्ट दिसत असावं. "उद्या," ते म्हणाले, अगदी हळू, जणू कधी ऐकलाच नव्हता तो शब्द. मग मलाच कसंतरी वाटलं, म्हातारा माणूस पावसात उभा. म्हटलं, आत या, पुऱ्या तळते, खाऊन जा. ते आले. पाटासमोरच्या खुर्चीत बसले, कोट काही काढला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, यातलं तुमचं काय? मी कात्री दाखवली. "आज हीसुद्धा चालवायची नाही?" म्हटलं, नाही. "मग या फुलांचा दोरा कशानं तोडला?" मी म्हटलं, दातानं. त्यावर ते हसले. त्यांची बायको गेल्यावर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी चार पुऱ्या खाल्ल्या, चहा घेतला, जंगलातल्या कुऱ्हाडीबद्दल सांगितलं, तिचा दांडा स्वतः कसा तासायचे ते. दुपार कलली, श्रीकांत आणि मृणाल आले, तरी ते बसलेच होते. शेवटी श्रीकांतनं त्यांना घरी सोडलं. जाताना मला म्हणाले, "उद्या."

मी काही देवी-बिवी नाही. मला काही कळलं नव्हतं, काही जाणवलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर वॉल्टनं मला उगाच मोठं करायचा प्रयत्न केला. मी फक्त फणफणलेली होते.

सोमवारी संध्याकाळी वॉल्टची गाडी आमच्या दारात आली आणि तो उतरेचना. मी खिडकीतून पाहते तर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलेला. शेवटी आत आला आणि पाटाकडे न बघता स्वयंपाकघरात गेला. म्हणाला, मी रायफल घ्यायला निघालो तर बाबा म्हणाले, ती घरी आणू नकोस, त्यांच्याकडेच राहू दे. काल मला ती शिकारीसाठी नको होती, असं म्हणाले… एवढं सांगून तो थांबला. मला कोट आठवला. हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "तिनं उद्या ये म्हटलं, असं बाबांनी मला सांगितलं," वॉल्ट म्हणाला. "म्हणे, मग मला उद्यापर्यंत थांबावं लागलं. आणि सकाळी उठलो तर मरायचं कालचं ते मनात नव्हतं." एवढा धिप्पाड माणूस, माझ्या ओट्याला टेकून रडला. ऑस्करआजोबांना त्यानं डॉक्टरकडे नेलं, दर आठवड्याला नेत राहिला, आणि खिडकीतली खुर्ची आमच्या स्वयंपाकघरात आली म्हटलं तरी चालेल. रायफल आमच्या कपाटात कुलपात राहिली.

त्याच हिवाळ्यात तो ठराव आला. इथे पिस्तूल विकत घेतलं की ते हातात यायला काही दिवस थांबावं लागायचं, हा नियम आधीपासूनच होता. आता रायफलीसारख्या लांब बंदुकांनाही तेच लावावं, असा तो ठराव होता. वॉल्टच्या पक्षाचा कडक विरोध, त्याच्या मतदारांचा त्याहून कडक. निवडणूक पुढ्यात. तो मतदानाच्या आधी आमच्याकडे आला आणि ऑस्करआजोबा तिथेच मटार सोलत बसलेले. मी म्हटलं, वॉल्ट, तुझ्या बाबांची रायफल त्यांच्या मालकीची होती. हा कायदा असता तरी त्या रविवारी त्यांना कोणी अडवलं नसतं. तो म्हणाला, "माहितीये. त्यांना तो दिवस तुझ्यामुळे मिळाला, कायद्यामुळे नव्हे. पण दुकानात उभा असलेला माणूस तुझ्याकडे चहाला येणार नाही ना." मग मी म्हटलं, निदान कारण तरी सांग लोकांना. लोक ऐकतील. ऑस्करआजोबांनी मटार बाजूला सारले. "सांग," ते म्हणाले. "नाहीतर मी जाऊन पेपरवाल्यांना सांगतो. माझ्यापायी तू हरणार." वॉल्ट त्यांच्याजवळ जाऊन बसला. "बाबा, मत माझं आहे. तुमचं दुखणं मी चव्हाट्यावर मांडणार नाही." आणि माझ्याकडे वळून, "तूही नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही. नंतर तुझी जीभ मोकळी." मला थांबवण्याची ताकद होती ती त्याच्यातच.

मी सुट्टी टाकून ऑलिंपियाला, इथल्या राज्याच्या राजधानीला गेले, वर गॅलरीत बसले. त्याची बोलायची पाळी आली तेव्हा त्यानं कागद घडी करून खिशात घातला. एवढंच म्हणाला, "एक दिवस थांबणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी होय म्हणतो." खाली माना वळल्या. त्याच्या शेजारचा माणूस खुर्ची थोडी सरकवून बसला, ते वरूनसुद्धा दिसलं. ठराव तरीही पडला. म्हणजे बघा, ना धड जिंकला, ना आपल्या लोकांत राहिला. वर त्याच अधिवेशनात नोंदणीचा ठराव आला, त्याला हा पुन्हा नाही. मी चिडून फोन केला, एवढं सगळं पाहूनसुद्धा? तर शांतपणे म्हणाला, "मला जेवढं पटलं तेवढंच केलं. तुला खूश करायला नव्हतं केलं." आमची भांडणं पूर्वीसारखीच चालू राहिली, हे मला आता सगळ्यात जास्त आठवतं.

निवडणुकीत त्याच्याच पक्षानं त्याला पाडलं. विकला गेला म्हणाले. हार्डवेअरच्या दुकानात लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे, आणि हा मुकाट्यानं खिळे घेऊन यायचा. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारी कोणी बसेना. तोंडातून एक शब्द काढला असता तर सगळं फिरलं असतं, आणि तो शब्द घरात खिडकीपाशी मटार सोलत बसला होता. ऑस्करआजोबा त्यानंतर काही वर्षं जगले, चांगले जगले, आमच्या मृणालला चाकूनं लाकडाचे पक्षी करायला शिकवलं, आणि झोपेत शांतपणे गेले. मग वॉल्ट रायफल घरी घेऊन गेला. पण खंडेनवमी कुठल्याही वारी येवो, दरवर्षी तो ती घेऊन यायचा रविवारीच. श्रीकांत आता तास वजा करायला शिकलाय, तिथी बरोबर काढतो. वॉल्टनं त्याला बजावलं होतं, तुझं बरोबर गणित तुझ्याजवळ ठेव, मला तो चुकीचा दिवस हवाय. सुमन अजून हसते. हसू दे.

काल लिंडा आली, वॉल्टची मुलगी. ती पूर्वेकडे शिकवते, वडिलांचं घर आवरायला आलीय. फ्युनरलला वडिलांचे जुने सहकारी दोनच आले, आणि त्यातल्या एकानं तिला सांगितलं म्हणे, तुझा बाप चांगला माणूस होता, ते एक मत सोडलं तर. ती दारातूनच म्हणाली, "मावशी, डॅड का वागले असे, तुम्हाला माहितीये का?" लहानपणापासून ती मला मावशी म्हणते. ऐकून ऐकून शिकली. मी तिला पाटासमोर बसवलं, त्याच खुर्चीत, आणि सगळं सांगितलं.  फुलं केव्हाच वाळलीत, हळद सांडून पाटाच्या लाकडात मुरलीय, रायफलीच्या तेलाचा जुना डाग तर कधीचाच आहे. ती वाकून त्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, लिहा हे. तुमच्या भाषेत तुम्ही लिहा, इथल्या पेपराला मी लिहिते. आजोबांनी तेव्हाच सांगितलं असतं ना? मी म्हटलं, हो, त्यांना सांगायचंच होतं.

मग ती उठली, ब्लँकेट उचललं आणि म्हणाली, उद्याची फ्लाइट आहे, ही रायफल न्यायला हवी, कोणाला तरी देऊन टाकते. डोळे सुजलेले, चार दिवस जेवलेली नसावी, एकटीच त्या रिकाम्या घरात परत जाणार होती. पूजा केव्हाच संपली होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आज नाही मिळणार, लिंडा. उद्या ये."

ती माझ्याकडे बघत राहिली. बापाचेच डोळे. मग तिनं ब्लँकेट खुर्चीवर ठेवलं, दाराशी जाऊन बूट काढले, आणि मी चहाचं आधण ठेवलं.